वाटसरूची ओसरी : बिदर-कलबुर्गीच्या यात्रामार्गांवरील विश्रामवास्तू

दिवस मावळतीला आला आहे, पाय थकले आहेत, पुढचे गाव अद्याप दोन कोसांवर आहे आणि अनोळखी मुलुखात आपले म्हणावे असे कोणी नाही. अशा वेळी माणसाला देवाच्या खालोखाल आठवण होते ती छपराची. ही निकड सर्व देशांत सारखीच. परंतु तिला प्रत्येक समाजाने जे उत्तर दिले ते मात्र निरनिराळे, आणि ते त्या त्या समाजाच्या वास्तूंत उमटलेले दिसते. किल्ले राजांचे मन सांगतात, देवळे समाजाची श्रद्धा सांगतात. पण परक्या, निनावी वाटसरूला समाज कोठे बसवतो, काय वाढतो आणि त्याबद्दल काय मागतो, हे पाहावयाचे असेल तर धर्मशाळेच्या ओसरीवरच जाऊन बसले पाहिजे.

कर्नाटकाच्या ईशान्येकडील बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे या दृष्टीने फार बोलके आहेत. भीमा आणि मांजरा या नद्यांच्या आसपासच्या या मुलुखात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या बोली एकाच बाजारात ऐकू येतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. सरहद्द मागाहून आली. यात्रेच्या वाटा तिच्याहून पुष्कळ जुन्या. गाणगापूरच्या श्रीदत्तपादुका, हुमनाबादजवळचे माणिकनगर, खानापूर-मैलारचा खंडोबा, भीमेकाठची सन्नतीची चंद्रलांबा, आळंदचा उरूस, कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचे मंदिर आणि गेसूदराजांचा दर्गा. इतक्या थोड्या अंतरात इतक्या पंथांची इतकी स्थाने असलेला प्रदेश विरळाच. जेथे यात्रा, तेथे मुक्काम. आणि जेथे मुक्काम, तेथे वास्तू.

गोमंतकीय व कोकणस्थ वाचकांस ही कल्पना परकी नाही. कुळाव्यांनी देवदर्शनास यावे आणि देवळाच्या प्राकाराभोवतीच्या अग्रशाळेत उतरावे, ही रीत त्यांच्या घरातलीच आहे. 1560 मध्ये श्रीमंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळास यावे लागले. मूळ गावापासून दुरावलेल्या कुळाव्यांना देवाच्या अंगणात पुन्हा एकत्र आणण्याचे काम पुढे ज्या वास्तूंनी केले, त्यांत अग्रशाळांचा वाटा मोठा आहे. मात्र अग्रशाळेत उतरणारा हा बहुधा देवाच्या ओळखीचा माणूस असतो. घाटावरच्या धर्मशाळेत उतरणारा कोण, हे कोणासच ठाऊक नसते. आपणांस विचार करावयाचा आहे तो या अनोळखी माणसाच्या घराचा.

एक इंग्रजी घर

प्रथम थोडी दूरची वाट घ्यावी लागेल. कारण आपल्या अंगणातील वस्तू फार जवळ असल्यामुळे कधीकधी दिसत नाही. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यास तेथील खेड्यातले मद्यालय परिचित असते. ठेंगणे छत, धुराने काळवंडलेल्या ओबडधोबड तुळया, भिंतीएवढी रुंद शेकोटी, दारावर झुलणारी रंगीत पाटी, आणि शेतावरून आलेले लोक बार्लीच्या बिअरचे पेले घेऊन बसलेले. आपल्याकडील वाचकाला त्यात गुत्त्यापलीकडे काही दिसत नाही. परंतु या घरांपैकी काहींचा पाया खणून पाहिला तर खाली धर्मशाळा लागते.

सॉमरसेट परगण्यात नॉर्टन सेंट फिलिप नावाचे खेडे आहे. तेथील ‘जॉर्ज इन’ ही वास्तू चौदाव्या शतकात जवळच्या हिंटन येथील कार्थुशियन मठाने उभारली. हे मठवासी मौनव्रती व एकांतप्रिय. पण त्यांच्या मेंढरांची लोकर आणि गावात भरणारी जत्रा यांमुळे व्यापारी येत. त्यांची व त्यांच्या मालाची सोय लावणे भाग होते. खालचा मजला दगडी, वरचे मजले पंधराव्या शतकातील लाकडी चौकटीचे व रस्त्यावर थोडे पुढे झुकलेले; मध्यभागी कमानीचे द्वार, त्यातून आत गेले की मागचे अंगण. वर लोकरीची कोठी, खाली माणसांची बैठक. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस 1668 च्या जूनमध्ये येथे जेवून गेला. याच परगण्यातील ग्लास्टनबरी येथे मठाच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंसाठी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली दगडी पथिकशाळाही आज ‘जॉर्ज अँड पिलग्रिम्स’ या नावाने उभी आहे. तिच्या नावातच यात्रेकरू शिल्लक राहिला आहे.

मग देवाच्या दारातील हे घर मद्यालय कसे झाले? 1536 ते 1540 या वर्षांत आठव्या हेन्रीने इंग्लंडातील मठ मोडून त्यांच्या जमिनी घेतल्या. घर राहिले, पण घराला पोसणारा हात गेला. यात्रेकरूंचे येणेही थांबले. अशा घरांपुढे दोनच मार्ग होते: कोसळावे किंवा काही विकून जगावे. बिअर तेथील रोजच्या आहारातली वस्तू. ती तेथे पूर्वीपासून मिळतच असे. दान आटले तेव्हा विक्रीने घर सावरले. आजही छपराचे कौल फुटले तर ते पेल्यांच्या पैशातून बदलले जाते. नीती-अनीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तर वास्तूच्या इतिहासाचा एक साधा नियम येथे हाती लागतो: विश्रामगृह भिंतींवर उभे नसते, त्याच्या चुलीला कोण सरपण घालतो यावर ते उभे असते.

हाच नियम घेऊन आता आपण भीमेकाठी परत येऊ.

दगड, माती आणि खण

बिदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्याचे आहे. कोकणातून गेलेल्या माणसाला तांबडी भोकाळ धोंड पाहून आपल्या गावी आल्यासारखे वाटते. किल्ल्याचा खंदक या दगडातच कोरलेला आहे, आणि पंधराव्या शतकात इराणी पद्धतीने खोदलेले ‘करेझ’ नावाचे भुयारी जलमार्गही त्यातूनच गेले आहेत. पठार उतरून दक्षिणेस आले की काळी जमीन आणि काळा दगड. आणखी पुढे शहाबाद परिसरात पातळ थरांनी निघणारा चुनखडीचा दगड. शहाबादी फरशी हा शब्द महाराष्ट्रातील घराघरांत आहे; तिचे माहेर कलबुर्गी जिल्ह्यात आहे हे मात्र थोड्यांस ठाऊक असते.

या साहित्यातून जी धर्मशाळा घडली तिचा नमुना साधा आहे. जमिनीपासून कमरेएवढे उंच दगडी जोते, कारण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल व विंचूकिरडू दूर ठेवावयाचे. जोत्यावर तिन्ही बाजूंनी ओसरी, मध्ये अंगण, अंगणात आड. ओसरीला दगडी किंवा लाकडी खांब. दोन खांबांमधील जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे येथे हातांत वा फुटांत सांगत नाहीत, खणांत सांगतात. आणि धर्मशाळेत एका कुटुंबाचा संसार रात्रीपुरता एका खणात मावतो. मागच्या भिंतीत देवळ्या व कोनाडे असतात, एक पणतीसाठी, एक देवासाठी, एक तांब्या ठेवण्यासाठी. वर माळवद, म्हणजे लाकडी कड्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्यामुळे वैशाखातही आत गारवा राहतो. या छपराचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा: ते दर पावसाळ्यापूर्वी नव्या मातीची मागणी करते. एक वर्ष चुकले तर ठिबकते, तीन वर्षे चुकली तर कडी कुजते, दहा वर्षे चुकली तर खण बसतो.

या ओसरीला दार नसते. खोली बंद करता येते, खण बंद करता येत नाही. शेजारचा कोण, तो कोठून आला, त्याचे मूल का रडते, हे सर्व ऐकू येते. इंग्रजी पथिकशाळेत माणसे शेकोटीभोवती एका बाकावर बसून एक होत. आपल्या धर्मशाळेत ती एका छपराखाली रांगेने झोपून एक होत.

सराईची घडण याहून जराशी निराळी. तिला एकच भक्कम दरवाजा, आत चौरस अंगण, सभोवती कमानदार पडवी व तिच्यामागे लहान कोठड्या. मध्ये विहीर व जनावरांना जागा. व्यापाऱ्याला माल सांभाळावयाचा असतो, म्हणून येथे कुलूप आले. अंगणाभोवती कोठड्या रचण्याची हीच कल्पना बिदरमध्ये एका निराळ्याच कार्यासाठी अत्यंत भव्य रूपात दिसते. महमूद गवानने 1472 मध्ये पुरा केलेला मदरसा तीन मजली असून विद्यार्थी व शिक्षक यांच्या निवासाच्या खोल्या चौकाभोवती मांडलेल्या आहेत. 1696 च्या स्फोटात त्याचा बराच भाग उडाला. तरी उरलेल्या भिंतीवरील निळी-हिरवी कौले अजून इराणची आठवण देतात.

शिलालेखांतील शहाणपण

या प्रदेशात वाटसरूची आणि विद्यार्थ्याची सोय बहामनींच्या पुष्कळ आधीपासून होती. चितापूरजवळच्या नागावी येथे 1058 चा एक मोठा शिलालेख आहे. कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याच्या मधुसूदन नावाच्या दंडनायकाने तेथे घटिकास्थान, म्हणजे विद्यापीठ, चालविण्याची व्यवस्था केली. वेदाध्ययन करणारे 200 विद्यार्थी, शास्त्रे शिकणारे आणखी काही, त्यांचे आचार्य, इतकेच नव्हे तर ग्रंथभांडार सांभाळणारे सरस्वती-भांडारिकही त्यात नेमून दिले आहेत. साठ खांबांचे मंदिर म्हणून ओळखली जाणारी वास्तू आजही तेथे पाहावयास मिळते.

चालुक्यकालीन दानलेखांचे वाचन करताना एक शब्दबंध वारंवार भेटतो: ‘खंडस्फुटित-जीर्णोद्धार’. दाता देवाच्या दिव्यासाठी, नैवेद्यासाठी आणि सत्रासाठी, म्हणजे आल्यागेल्याच्या अन्नासाठी, जमीन देतो. आणि त्याच श्वासात जे मोडेल, जे तडकेल त्याच्या दुरुस्तीसाठीही देतो. बांधणारा माणूस आपल्या हयातीतच आपल्या वास्तूचे म्हातारपण पाहून ठेवतो. हे शहाणपण अपूर्व आहे. वास्तू उभारण्याचा उत्साह सर्वांनाच असतो. तिच्या पहिल्या तड्याची तरतूद पायाभरणीच्याच दिवशी करावी, हे त्या लेखकांना सुचले होते.

कल्याणीची गोष्ट निघाली की बाराव्या शतकातील बसवेश्वरांचे स्मरण अपरिहार्य आहे. कलचुरी बिज्जलाच्या पदरी असलेल्या या मंत्र्याच्या घराला परंपरा ‘महामने’ म्हणते, म्हणजे मोठे घर. तेथे येणाऱ्या शरणास अन्न मिळे, आणि त्या अन्नदानास ‘दासोह’ हे नाव होते. दान देणारा वरचा आणि घेणारा खालचा, हा भाव त्या शब्दाने उलटा केला: जो वाढतो तोच दास. ब्राह्मण मधुवरस आणि चर्मकार हरळय्या यांच्या मुलांच्या विवाहावरून कल्याणीत जो अनर्थ झाला तो सर्वश्रुत आहे. शरणांची पांगापांग झाली, तरी दासोह मात्र या भूमीत टिकला. अरळगुंडगी येथे 1746 मध्ये जन्मलेले व 1822 मध्ये कलबुर्गीत समाधिस्थ झालेले शरणबसवेश्वर हे त्याच परंपरेतील; त्यांच्या मंदिराची कीर्ती जितकी शिल्पासाठी, तितकीच दासोहासाठी आहे.

प्रत्येकाचे मडके

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या आशेने समुद्र ओलांडून जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या विषयाला उपयोगी अशा दोन गोष्टी आहेत. पहिली आळंदच्या बाजाराची. बिदरपासून बारा कोसांवर शेख अलाउद्दीन यांच्या कबरीपाशी वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो, सारा हिंदुस्थान तेथे लोटतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकावयास येतात, असे तो सांगतो. आकड्यात प्रवाशाची अतिशयोक्ती असेल. पण दहा दिवसांची जत्रा, माणसे आणि जनावरे यांना किती छपरे, किती विहिरी, किती वैरण लागली असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. हिंदू लोक परधर्मीयांबरोबर तर नाहीच, पण आपसांतही एकत्र जेवत नाहीत, आणि प्रवासात प्रत्येकजण आपले मडके बरोबर बाळगून आपले अन्न आपण शिजवतो, हे या परदेशी माणसाच्या डोळ्यांत भरले. धर्मशाळेच्या रचनेचे एक कोडे या एका निरीक्षणाने सुटते. आपल्या धर्मशाळांत एक मोठे भटारखाना-गृह नसून अंगणाच्या कडेला किंवा ओसरीच्या टोकाला तीन दगडांच्या अनेक चुली का मांडलेल्या असतात? इंग्रजी घरात एक शेकोटी आणि एक टेबल. आपल्याकडे जितकी माणसे तितकी मडकी. धर्मशाळेचा धर्म छप्पर, पाणी आणि फार तर सरपण देण्याचा. शिजवावयाचे ज्याचे त्याने. सोवळ्याओवळ्याने वास्तूचा आराखडा काढला, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

या ओसरीचा इतिहास लिहिताना आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ओसरी दार नसलेली होती, तरी ती सर्वांना मोकळी नव्हती. समाजाने अस्पृश्य ठरविलेल्या वाटसरूला तिच्या पायरीवर चढता येत नसे. आडाचे पाणीही त्याने दुरून, कोणी घातले तर ओंजळीत घ्यावयाचे. 1955 च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफरखाना ही नावे एकेक करून घालावी लागली, यातच सर्व आले. बसवेश्वरांच्या महामन्यानंतर आठ शतकांनी, आणि त्याच भूमीलाही लागू करण्यासाठी, हे लिहावे लागावे ही आपल्या धर्मदृष्टीस शोभणारी गोष्ट नव्हे. दात्याच्या पुण्याची नोंद करणाऱ्याने ही उणीवही नोंदली पाहिजे. अन्यथा त्याचे लेखन इतिहास न होता केवळ स्तुती होईल.

गाणगापूर : गावच धर्मशाळा

चुलींचे हे वेगळेपण एका ठिकाणी मात्र फार सुंदर रीतीने विरघळते. भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींनी पंधराव्या शतकात दीर्घ काळ वास्तव्य केले. संगमावर औदुंबर, गावात निर्गुण पादुकांचा मठ. पादुकांचे दर्शन लहानशा झरोक्यातून घ्यावयाचे. मोठ्या मंदिरांच्या मानाने या मठाची वास्तू साधी, पण गजबजलेली. ती देवळापेक्षा नांदत्या वाड्यासारखी भासते.

‘गुरुचरित्रा’तील भास्कर ब्राह्मणाची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिघांपुरती सामग्री गाठोड्यात बांधून तो गरीब ब्राह्मण गुरूंना भिक्षा घालावयास आला. पण तेथे रोज कोणी ना कोणी समाराधना करी आणि त्यालाही तेथेच जेवावयास बोलावीत. असे तीन महिने गेले. तो मठातच राहिला व रात्री ते गाठोडे उशाशी घेऊन झोपला. लोक हसत. अखेर गुरूंच्या आज्ञेने त्याने तेवढीच सामग्री शिजवली आणि तीत चार सहस्र माणसे जेवली. भाविक या कथेत चमत्कार पाहतील आणि ते योग्यच आहे. वास्तूच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते: अनोळखी, निर्धन माणूस तीन महिने मठात राहतो, रोज जेवतो, आणि ‘तू केव्हा जाणार’ असे त्याला कोणी विचारीत नाही. कथा सांगणाऱ्यास हे नवल वाटत नाही. त्याला नवल वाटते ते पुढचे. म्हणजे मठाची ओसरी ही त्या काळी गृहीत धरलेली गोष्ट होती.

आजही गाणगापुरी मध्यान्ही माधुकरी मागण्याची व घालण्याची रीत आहे. श्रीगुरू प्रातःकाळी संगमावर स्नान करतात, दुपारी गावात भिक्षेला येतात आणि ती कोणत्या रूपात येतील हे सांगता येत नाही, अशी श्रद्धा असल्यामुळे घरी सुखवस्तू असलेला यात्रेकरूही झोळी घेऊन पाच घरी उभा राहतो, आणि तोच दुसऱ्या दिवशी इतरांच्या झोळीत घालतो. स्वतःचे मडके सांभाळणाऱ्या समाजाने येथे पाच घरांची चव एका झोळीत एकत्र केली. जेथे प्रत्येक उंबरठा वाढणारा आहे तेथे वेगळी भोजनशाळा बांधण्याचे कारणच उरत नाही. सारे गाव हीच धर्मशाळा, आणि त्याच्या गल्ल्या याच तिच्या ओसऱ्या.

माणिकनगरची घडण याहून वेगळी, पण भाव तोच. 1817 मध्ये लाडवंती येथे जन्मलेल्या श्रीमाणिकप्रभूंनी 1845 मध्ये हुमनाबादजवळ, विरजा आणि गुरुगंगा यांच्या संगमावर हे स्थान वसविले. 1865 मध्ये त्यांनी तेथेच समाधी घेतली. त्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडात आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. आणि सर्व मतांना मान देणारा त्यांचा सकलमत संप्रदाय ज्या प्रदेशात उगवला त्या प्रदेशाचीच ती भाषा होती. गवई, पहिलवान, गोसावी, फकीर यांची तेथे वर्दळ असे. एका बाजूस मराठी बोलणारा मानकरी, दुसऱ्या बाजूस कन्नड बोलणारा शेतकरी, पलीकडे दखनीत बोलणारा फकीर, असे लोक ज्या ओसरीवर बसतात ती ओसरी केवळ निवारा राहत नाही. ती भाषांची शाळा होते.

चूल का विझली

या वास्तू मोडकळीस का आल्या, याचे उत्तर एकच देणे बरोबर होणार नाही. पहिला घाव आगगाडीने घातला. सोलापूरपर्यंत 1860 मध्ये आलेला लोहमार्ग 1871 मध्ये कलबुर्गीवरून रायचूरला जाऊन मद्रासकडील मार्गास मिळाला. 1874 मध्ये वाडीहून हैदराबादला फाटा निघाला. ज्या वाटेला आठ दिवस व सात मुक्काम लागत ती एका रात्रीची झाली. मधल्या सात गावांच्या धर्मशाळांचा वाटसरूच नाहीसा झाला. तीर्थाच्या गावी गर्दी वाढली आणि वाटेवरच्या गावी ओसरी रिकामी पडली. बिदर, हुमनाबाद आणि कलबुर्गी जोडणारा लोहमार्ग तर 2017 मध्ये पुरा झाला. पायवाटेवरच्या उरल्यासुरल्या मुक्कामांचीही आता गरज राहिली नाही.

दुसरे कारण उत्पन्नाचे. इंग्रजी घर बिअर विकून जगले, हे आपण पाहिले. निजामी राज्यात शिंदीची दुकाने होतीच, आणि त्यांच्या मक्त्यातून सरकारला पैसाही मिळे. पण शिंदीचे दुकान गावाच्या कडेला आणि धर्मशाळा देवाच्या कडेला, ही दोन्ही घरे आपल्याकडे कधी एक झाली नाहीत. याचा आपणांस अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. मात्र त्याचा परिणामही समजून घेतला पाहिजे. जे घर काहीच विकत नाही, ते सर्वस्वी दानावर जगते. 1948 मध्ये निजामी राजवट संपली, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, पुढील काळात इनामेही गेली. कुळाला जमीन मिळाली हा न्यायच झाला, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु ज्या इनामावर एखाद्या सत्राचे तांदूळ व माळवदाची माती अवलंबून होती ते गेल्यावर तो भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न बहुतेक गावांनी स्वतःला विचारलाच नाही. हेन्रीने मठ मोडले तेव्हा जी वेळ इंग्रजी घरांवर आली, तीच चार शतकांनी, निराळ्या आणि अधिक न्याय्य कारणाने, आपल्या धर्मशाळांवर आली.

तिसरे कारण आपल्या आवडीनिवडीचे. आज यात्रेकरूला दार बंद होणारी खोली, नळ आणि विजेचा पंखा हवा असतो. वृद्धांस व स्त्रियांस या सोयी किती आवश्यक आहेत हे सांगावयास नको. त्यांना नावे ठेवणारा स्वतः बहुधा अशा खोलीतच उतरलेला असतो. म्हणून तीर्थक्षेत्री भक्तनिवास उठले ते चांगलेच झाले. दुःख होते ते एवढ्याचेच की भक्तनिवासासाठी जागा हवी म्हणून प्रथम हातोडा पडतो तो जुन्या ओसरीवर. कोरीव खांब निघतात, शहाबादी फरशी उपटली जाते, दात्याच्या नावाचा दगड पायात गडप होतो. नवीन इमारतीत माणसांची संख्या वाढते. पण ज्याच्या खिशात खोलीचे भाडे नाही असा एकटा वाटसरू रात्री कोठे पाठ टेकणार, हे तिच्या नकाशात नसते. जुन्या वास्तूत सर्वात मोठी जागा त्याची होती.

इंग्लंडातही खेड्यांतील ही घरे गेल्या काही दशकांत भराभर बंद पडत आहेत. तेथे 2011 च्या एका कायद्याने गावकऱ्यांना असा अधिकार दिला की, आपल्या गावातील असे घर समाजोपयोगी वास्तू म्हणून नोंदवून घ्यावे, आणि मालक ते विकू लागल्यास गावाला वर्गणी जमवून बोली करण्यास काही महिन्यांची मुदत मिळावी. अशा रीतीने कित्येक गावांनी आपले मद्यालय स्वतःच विकत घेऊन चालविले आहे. ज्या घराविषयी आपल्या मनात आदर नाही त्या घरासाठी तेथील खेडूत झोळी फिरवतात. आणि ज्या ओसरीवर आपल्या पणजोबांनी पारायण केले ती आपण ठेकेदाराच्या स्वाधीन करतो. यावरून कोणाची संस्कृती थोर हे ठरवावयाचे नाही. पण आपल्या घरावर प्रेम कसे करावे हे परक्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

करावयाचे काम अवाढव्यही नाही. प्रत्येक देवस्थानाने आपल्या ताब्यातील जुनी ओसरी मोजून तिचे चित्र काढून ठेवावे. खांब किती, खण किती, दात्याच्या दगडावर काय कोरले आहे, हे वहीत उतरवावे. नवे भक्तनिवास जुन्याच्या शेजारी बांधावे, त्याच्या छातीवर नव्हे. उत्पन्नाचा एक लहानसा अंश, शिलालेखांच्या भाषेत सांगावयाचे तर खंडस्फुटितासाठी, दरवर्षी वेगळा काढावा आणि तो दुसऱ्या कशालाही लावू नये. आणि पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचे कुळ व जात न विचारता आत घ्यावे. कारण दुरुस्तीला सर्वात जास्त झालेला खण हाच आहे.

नागावीच्या दंडनायकाचे घटिकास्थान आज चालत नाही, कल्याणीचे महामने कोठे होते ते बोट ठेवून दाखविता येत नाही, आणि आळंदच्या बाजारात वीस हजार घोडे येत नाहीत. तरीही दुपारी गाणगापूरच्या गल्लीत झोळी घेऊन उभा असलेला यात्रेकरू दिसतो, आणि आतून कोणी गृहिणी भाकरीचा तुकडा घेऊन उंबरठ्यापर्यंत येते. तो कोण, कोठला, हे ती विचारीत नाही. तेवढ्या वेळापुरता तो उंबरठा म्हणजे या साऱ्या वास्तूंचा उरलेला खण आहे. त्याला छप्पर घालणे आता आपले काम.